बर्फाचं एक मिनिट

गुरुवारी ओपीडी उरकली की
बेलापूरच्या माता-बाल रुग्णालयात
लसीकरणाच्या खोलीतली बाकं भिंतीला सारून
तांडेल सिस्टर सतरंजी अंथरतात.
पाच बायका, चार नवरे, कुणाची तरी एक सासू.

पहिला प्रश्न : कोण कोण घाबरलंय?
तेजलनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.
मग बाकीच्या चौघींनी, एकमेकींकडं बघत.
आम्ही नवरे
भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत राहिलो.
बीसीजी. पोलिओ. गोवर.
मी दोनदा वाचला.

त्यांनी थर्माकोलचा डबा उघडला.
दिवाळे कोळीवाड्यातल्या भावाच्या होडीवरचा बर्फ.
"बोंबलाचा वास येईल जरा. येऊ दे.
बाळ काय अत्तर लावून येणार आहे?"
प्रत्येकाच्या मुठीत एक खडा.
"कळ अशीच येते. चढते, माथ्यावर थांबते, उतरते.
साधारण एक मिनिट.
मग सुट्टी. आणि सुट्टीत सुट्टीच घ्यायची,
पुढच्या कळेची उजळणी करायची नाही."

मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात काट्यावर असतो.
पन्नास किलोची गोणी नजरेनं सांगतो,
चुकलो तर किलोभर.
मिनिट कधी तोललं नव्हतं.
विसाव्या सेकंदाला बोटं माझी राहिली नाहीत.
पस्तिसाव्याला बर्फ सतरंजीवर.
शेजारी तेजल डोळे मिटून
ओठांतून हळू फुंकर सोडत होती,
बशीतल्या चहावर सोडतात तशी.
पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं.
मिनिट झालं तरी मूठ उघडेना,
सिस्टरना सांगावं लागलं, "अगं सोड आता."

"काय हो तराजूवाले, काय झालं?"
"काही नाही."
"काही नसताना कुणी इतक्या लवकर टाकत नाही."

आणि मी सांगून बसलो, परक्या सासूच्या देखत.
सात वर्षांचा होतो. पाटणला, आजोळी.
मालनमावशी बंद दाराआड,
आणि तो आवाज.
मला शेजाऱ्यांकडं नेऊन बसवलं, हातात लाडू दिला.
लाडू संपला. आवाज संपला नाही.
नंतर त्यावर कुणी काही बोललं नाही.
मावशी धडधाकट आहे. तेव्हाचं बाळ आता एसटीत कंडक्टर आहे.
पण ते दार
माझ्यापुरतं अजून लागलेलंच.

सिस्टरनी हात पुसायला टॉवेल दिला.
"सगळं नीट होईल असं मी कुणालाच सांगत नाही.
काय काय होऊ शकतं ते सांगते,
आणि तेव्हा आम्ही काय करतो ते.
त्या रात्री माझी ड्युटी असली तर मी,
नसली तर रुबीना. ती माझ्यापेक्षा कमी बोलते.
तुम्ही त्या मावशीला फोन लावा."

लावला. आधी गुडघ्यांचं विचारलं,
मग म्हशीचं,
मग ते.
पलीकडं खोकला. नाही, हसू.
"अरे, ओरडत नव्हते मी.
तुझ्या काकाला शिव्या घालत होते.
सात पिढ्या काढल्या त्याच्या.
सुईण म्हणाली, घाल बाई, दम बरा लागतोय तुला."
मग जरा थांबून :
"दुखलं. खोटं कशाला बोलू.
पण तुझी आई होती ना माझ्या पाठीशी.
रात्रभर पाठ चोळली तिनं.
सकाळी हातात भाकरी धरवत नव्हती तिला."

आई जाऊन नऊ वर्षं झाली.
हे ती कधी बोलली नाही.
म्हणजे त्या दाराच्या आत आईच होती,
आणि मी बाहेर, लाडू घेऊन.

तेजल जागी होती. "काय म्हणाल्या?"
"तुला शिव्या कुठल्या कुठल्या येतात?"
ती खरंच आठवू लागली.
"तुमच्या मार्केटातल्या चालतील?"

मग कुशीवर वळली.
मी विचारलं, पाठ नेमकी कुठं चोळायची.
तिनं हात मागं आणून दाखवलं.
खाली.
अजून खाली.
जोर लाव, गोणी नाहीये मी, तरी लाव.
हां.
तिथं.